मागं अजून किती?

घोडेगावाहून भीमाशंकरकडे निघालं की शिनोलीच्या जरा पुढं रस्त्याला लागून दोन घरं आहेत, अगदी समोरासमोर. अलीकडच्या पत्र्याच्या घरात गजराबाई राहते आणि तिचा मुलगा सोनबा. पलीकडं स्लॅबचं घर आहे ते साळुबाईचं. गजराबाई मेंढरंवाली, साळुबाई बागायतदाराची बायको. तरी दोघींचं सूत जुळलं ते मेंढरांमुळंच. पीक निघून वावर मोकळं झालं की गजराबाईचा कळप साळुबाईच्या रानात मुक्कामाला बसायचा. वावराला खत मिळायचं, गजराबाईच्या घरात धान्य यायचं. असला व्यवहार संपला की माणसं आपापल्या वाटेनं जातात. या दोघी गेल्या नाहीत. दिवस मावळायच्या सुमाराला गजराबाई पलीकडं जाणार, ओट्यावर बसणार, आणि दोघी मिळून गावातल्या सगळ्यांची उणीदुणी काढणार, हा नेम दोघींच्या केसांचा रंग गेला तरी मोडला नव्हता.

मग साळुबाई गोठ्यात पाय घसरून पडली. खुबा मोडला. मंचरला ऑपरेशन झालं आणि ती घरी येऊन खाटेला खिळली. तेव्हापासून गजराबाईच्या डोक्यात एकच गोष्ट होती. रोज साळूकडं जायचं, तिच्याजवळ बसायचं, तिला उठवायचं. डॉक्टर काहीही म्हणोत, आपण गेलो नाही तर साळू त्या खाटेवरच राहणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. आणि ते चुकीचं होतं असंही म्हणता येत नाही. साळुबाईनं जेवण टाकलं होतं, सुनेशी बोलणं टाकलं होतं. भिंतीकडं तोंड करून पडायची.

अडचण होती ती मधल्या रस्त्याची. पूर्वी तो बैलगाडी आणि जीप यांनी आळीपाळीनं वापरावा एवढाच होता. मग तो रुंद झाला, गुळगुळीत झाला, आणि शनिवार-रविवारी भीमाशंकरला निघालेल्या गाड्या त्यावरून अशा सुटायला लागल्या की पलीकडची म्हैस ओळखू येईना. साळुबाई मंचरला दवाखान्यात असतानाच त्या रस्त्यावर गजराबाईचं एक कोकरू आणि कळपाचा कुत्रा एका फटक्यात गेला. गाडी थांबलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारीनं सगळी मेंढरं ओतूरकडं राहणाऱ्या भाच्याकडं, बहिरूकडं लावून दिली आणि स्वतः अलीकडच्या ओट्यावर बसली. ती पलीकडं गेली नाही ती त्या दिवसापासून.

आता तिला पलीकडं न्यायचं काम ज्याच्यावर येऊन पडलं तो सोनबा. आणि गंमत अशी, की रस्त्यावर त्याच्याइतका वाढलेला माणूस पंचक्रोशीत शोधून सापडला नसता.

चालायला लागला तेव्हापासून तो कळपामागं होता. बाप मेंढरं घेऊन माळशेजचा घाट उतरायचा, कल्याण-भिवंडीकडं जायचा आणि पाऊसपाण्याचा अंदाज घेऊन परत वर यायचा. सोनबाची शाळा म्हणजे तो घाट. तिथले कायदे कुणी लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. चढाच्या गाडीला उताराच्या गाडीनं जागा द्यायची. रिकाम्यानं मागं यायचं, भरलेल्यानं पुढं जायचं. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर समोर आला तर वाद घालत बसायचं नाही, कारण त्याला मागं येता येत नाही, तो आला म्हणजे आला. डोक्यावर भारा असलेल्या बाईला हॉर्न मारायचा नाही, ती दचकली तर भारा पडतो आणि तिच्या शिव्या घाट संपेपर्यंत ऐकू येतात. आणि मेंढरं आली की सगळ्यांनीच थांबायचं.

त्या थांबण्याचीही एक रीत होती. बाप रस्त्याच्या मध्ये जाऊन काठी आडवी धरायचा. कळप वाहायला लागायचा. ट्रकवाला इंजिन बंद करून खिडकीतून मान बाहेर काढायचा आणि विचारायचा, "मागं अजून किती?" बाप म्हणायचा, "येत्यात." ट्रकवाला बिडी पेटवायचा. शेवटचं लंगडं कोकरू सोनबाच्या खांद्यावर पलीकडं पोचलं की बाप काठी खाली करायचा आणि म्हणायचा, "झालं." मगच गाडीला गिअर पडायचा. 'येत्यात' आणि 'झालं' या दोन शब्दांवर अख्खा घाट बिनबोभाट चालायचा.

मोठा झाल्यावर सोनबानं काठी ठेवली आणि स्टिअरिंग धरलं. घोडेगाव ते डिंभे वडापची जीप चालवली. आत बसलेल्यांपेक्षा लटकलेले जास्त, आणि हॉर्न तर ब्रेकपेक्षा जास्त वापरायचा. मग एका ओळखीच्या एजंटानं मस्कतला लावून दिला. तिथं कामगारांची बस चालवायची होती. सोनबा म्हणाला, रस्ता तो रस्ता, त्यात काय.

पहिल्याच दिवशी कळलं की रस्ता तो रस्ता नसतो. तिथं गाडी उजवीकडून चालवायची. म्हणजे आयुष्यभर ज्या बाजूनं मरण यायची सवय होती, ती बाजूच बदलली. सोनबा कित्येक दिवस दार उघडून बसला की समोर स्टिअरिंग नसायचं. गोल चौकात आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आपण बाहेर थांबायचं. आपल्याकडं ज्याचा बंपर आधी शिरला त्याचा चौक. आणि पांढऱ्या पट्ट्यावर माणसानं पाय ठेवला की बस जागच्या जागी थांबली पाहिजे. माणूस काळा असो, गोरा असो, झाडूवाला असो नाहीतर शेख असो.

एकदा अशाच पट्ट्याशी एक म्हातारा पांढऱ्या झग्यात उभा होता. सोनबानं आपल्या हिशेबानं माणुसकी दाखवली, लांबूनच दोनदा हलका हॉर्न दिला. आपल्याकडं त्याचा अर्थ साधा आहे. बाबा, मी येतोय, तू सांभाळ. म्हाताऱ्यानं हात करून बस थांबवली, चालत खिडकीशी आला आणि हिंदीत विचारलं, "मुझसे कोई काम है?" सोनबा म्हणाला, नाही. "फिर बुलाया क्यों?" मागच्या सीटवरचे बिहारी कामगार पोट धरून हसले. सोनबाला त्या रात्री झोप लागली नाही. आपण वाट मागितली आणि समोरच्याला वाटलं हाक मारली. एवढी वर्षं आपण येताजाता सगळ्या जगाला हाका मारत हिंडत होतो की काय, असं त्याच्या मनात येत राहिलं.

पण माणूस शिकला. इतका शिकला की तो हॉर्न विसरला. एकच जागा अशी होती जिथं त्याला घरी असल्यासारखं वाटायचं. शहर मागं पडून वाळवंट लागलं की कधीतरी उंट रस्त्यात येऊन उभे राहायचे, आणि मोठमोठ्या गाड्या गपगुमान रांगेत थांबायच्या. उंटवाला हात वर करून चालत असायचा. सोनबाला वाटायचं, उतरावं आणि विचारावं, मागं अजून किती?

बाप गेला, आई एकटी पडली, म्हणून तो परत आला. पुन्हा जीप घेतली, पुन्हा घोडेगाव-डिंभे धरलं. आणि इथं त्याची दुसरी शाळा सुरू झाली, ती पहिलीपेक्षा अवघड. शिनोलीच्या स्टँडअलीकडं गवताचे भारे घेतलेल्या बायका कडेला उभ्या दिसल्या. सोनबानं मस्कतच्या सवयीनं जीप थांबवली आणि हातानं खुणावलं, चला, जा पलीकडं. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मग पुढची बाई मागं गेली, जीपचं फाळकं उघडलं आणि भारा आत टाकला. तिच्यामागून बाकीच्यांनीही टाकले.

"पावणं, डिंभ्याला किती घेनार?" ती म्हणाली.

"अवो, तुमाला रस्ता वलांडायचाय ना?"

"वलांडायचा व्हता. पर तुमी थांबलाच हाये तर आता चालत कशाला जायचं?"

त्यांचं काय चुकलं? आपल्याकडं जीप थांबते ती माणूस घ्यायला, नाहीतर पंक्चर झाली म्हणून. माणूस जाऊ दे म्हणून थांबलेली जीप त्यांच्या बापजन्मात कुणी पाहिली नव्हती. सोनबानं बायकांना डिंभ्याला सोडलं आणि एक पैसा घेतला नाही. तेव्हापासून जीपवाल्यांनी त्याचं नाव मस्कतशेठ ठेवलं. मस्कतशेठच्या मागं गाडी लावू नका, कुठं आदबीनं थांबेल सांगता येत नाही, असं ते प्रवाशांदेखत म्हणायचे. सोनबा हसण्यावारी न्यायचा. आत कुठंतरी लागायचं, पण चाललं होतं.

आणि आता हा प्रसंग आला. साळुबाई पडल्यानंतर गजराबाई एका सकाळी लुगडं नीट करून, हातात काठी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. सोनबा दुपारी जेवायला आला तेव्हा ती तिथंच होती. उन्हानं तोंड लाल झालं होतं.

"आये, जाऊन आली का?"

"काठी आडवी धरली, पर कुनी बघंना," ती म्हणाली. "हॉर्न देत्यात आनि जात्यात. म्हाताऱ्या मानसाला बघून जास्त जोरात देत्यात, भैरी समजून."

सोनबा म्हणाला, जीपमधून पलीकडं सोडतो. म्हातारी उसळली. समोरच्या घरी जायला जीप? उद्या चुलीपासून खाटेपर्यंत जायला पण जीप लावशील. शिवाय सोनबा दिवसभर फेऱ्यांवर. नेईल कोण आणि आणील कोण? म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानं पहिली फेरी सोडून दिली, आईचा हात धरला आणि कडेला उभा राहिला. डावीकडं नीट पाहिलं. रस्ता मोकळा. त्यानं पाय टाकला, आणि त्याच क्षणी आईनं त्याच्या सदऱ्याची कॉलर मागून अशी ओढली की दोघंही कडेच्या खडीवर बसली. उजवीकडून आलेली मोटारसायकल त्यांच्या पुढ्यातून शिट्टीसारखी निघून गेली.

मस्कतमध्ये पायी जाणारा आधी डावीकडं बघतो. सोनबाची मान अजून मस्कतलाच होती.

गजराबाईनं लुगड्याला लागलेली खडी झटकली. "मला न्ह्यायला निघालाय," एवढंच म्हणाली आणि घरात गेली. सोनबाला खूप वाईट वाटलं. परक्या मुलखात त्यानं रोज परक्या माणसांच्या पायासाठी बस थांबवली होती. स्वतःच्या आईला दोन घरांमधला रस्ता त्याला ओलांडून देता येईना.

त्याच आठवड्यात त्यानं आणखी एक उद्योग केला. शाळेच्या मैदानावर कबड्डीच्या रेघा मारायला आणलेली पांढरी फक्की उरली होती. गुरुजींना विचारून त्यानं ती घमेल्यात भरून आणली आणि झुंजुमुंजु असताना, गाड्या सुरू व्हायच्या आधी, आपल्या दारापासून साळुबाईच्या दारापर्यंत मस्कतसारखे जाड जाड पट्टे ओढले. मोठं सुबक काम झालं होतं. सकाळी लोक येऊन बघायला लागले. पट्टे कशासाठी आहेत हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. रस्त्याला फक्की पडली म्हणजे मंत्री येणार, हे आपल्याकडं लहान मुलालाही माहीत असतं. चहाच्या टपरीवाल्यानं बाकडी आत ओढली. भजीवाल्यानं हातगाडी कुठंतरी नेऊन लपवली. कुणीतरी सरपंचाला फोन लावला, आणि आपल्याला न सांगता मंत्री येतोच कसा म्हणून सरपंच घोडेगावपर्यंत चौकशी करत सुटले.

गाड्या मात्र त्यावरून तशाच जात राहिल्या. दुपारपर्यंत सगळी फक्की टायरांना लागून भीमाशंकरला पोचली. तोवर एकच गाडी पट्ट्यापाशी थांबली. सोनबाचा ऊर भरून आला. काच खाली झाली आणि आतल्या बाईनं विचारलं, "भीमाशंकर अजून किती लांब आहे हो?"

त्या दिवशी साळुबाईचा नातू गोकुळ याचा इंग्लंडहून फोन आला. आजी बोलत नाही म्हणून तो सोनबाला करायचा. सोनबानं त्याला सगळी कहाणी सांगितली. गोकुळ म्हणाला, "काका, इकडं तर पट्टा नसला तरी गाडीवाला लाईट मारून सांगतो. लाईट चमकवली की अर्थ, तुम्ही आधी जा."

"आनि आपल्याकडं लाईट मारली की अर्थ, मी आधी जानार, बाजूला व्हा."

"तेच तर. नवीन आलो तेव्हा एकानं लाईट मारली की मी मागं सरायचो. तो पुन्हा मारायचा, मी आणखी मागं. शेवटी तो बिचारा गाडी बंद करून बसला."

सोनबानं आईला सांगितलं की इंग्लंडात लाईट मारून वाट देतात. गजराबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. "त्येंच्याकडं हाये म्हनून आपल्याकडं येईल व्हय? साळूचा नातू तकडं, लाईटी तकडं, आनि साळू हितं भिताडाकडं तोंड करून," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. सोनबानं तिला बाप गेल्यावर घरी आला तेव्हाच तसं रडताना पाहिलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी त्याला जुन्नरकडचं एक भाडं लागलं. लेण्याद्रीच्या फाट्यापुढं एक पांढरी मोटार त्याच्या मागं लागली होती. हॉर्न, लाईट, हॉर्न. सोनबानं वाट दिली तशी ती सुसाट पुढं गेली. वळण घेतो तो तीच मोटार रस्त्यात मुकाट उभी. समोरून कळप येत होता. हॉर्न नाही, लाईट नाही. गाडीवाला खाली उतरून बंपर बघत होता, मेंढरं त्याच्या गाडीला घासत जात होती, आणि तो मागं सरकून त्यांना जागा देत होता. कारणही सरळ आहे. माणूस बाजूला उडी मारतो हे गाडीवाल्याला माहीत असतं. मेंढरू मारत नाही. त्याला धक्का लागला की गाडीचं नाक बसतं, मेंढपाळ काठी घेऊन येतो, आणि भांडणात दिवस जातो. कळपामागून आईचा भाचा बहिरू चालत होता.

गाडीवाल्यानं विचारलं, "दादा, मागं अजून किती?"

"येत्यात," बहिरू म्हणाला.

सोनबाला आधी राग आला. माझ्या आईला जो माणूस थांबला नसता तो मेंढरांपुढं हात जोडून उभा आहे. मग राग कुणावर काढावा हे कळेना, म्हणून तो खाली उतरला आणि बहिरूकडं गेला.

"एक मेंढी दे."

"दूध का लोकर?"

"काय नको. चालती पायजे."

बहिरूला वाटलं मस्कतशेठचं डोकं फिरलं. एकटं मेंढरू राहत नाही, सोबत नसली की वरडून जीव नको करतं, असं त्यानं समजावून पाहिलं. शेवटी हिरा नावाची एक म्हातारी, शांत, माणसाच्या मागं मागं फिरणारी मेंढी काढून दिली. जीपच्या मागच्या बाकावर उभी राहून हिरा शिनोलीला आली.

गजराबाईनं मेंढीकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं, आणि तिला न सांगताच सगळं समजलं. सोनबा भीत भीत म्हणाला, "आये, वाईट वाटून घिऊ नको. तुज्यासाठी थांबत न्हाईत, पर हिच्यासाठी..."

"त्यात वाईट काय? मेंढराला मान हाये ना? मग? मेंढरं कुनाची हायेत? आपलीच ना." तिनं हिराच्या गळ्यात जुनी घंटा बांधली, खांद्यावर घोंगडी टाकली, आणि काठी आडवी धरून रस्त्यात उतरली. हिरा पुढं, म्हातारी मागं. पुण्याच्या पाटीची एक मोटार ब्रेक लावून थांबली. तिच्यामागं दुसरी. समोरून येणारी एसटी थांबली. सोनबा कडेला उभा राहून बघत होता.

मोटारवाल्यानं मान बाहेर काढली. बाजूच्या झाडीकडं पाहिलं. "आजी, मागं अजून किती आहेत?"

गजराबाईनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "येत्यात, येत्यात," म्हणाली आणि सावकाश पलीकडं गेली. पलीकडं जाऊन साळुबाईच्या अंगणात शिरली, हिरा गोठ्याशी बांधली गेली, तरी मोटारवाला झाडीकडं बघत थांबलेला. एसटीच्या ड्रायव्हरच्या ध्यानात आधी आलं. तो एवढा हसला की कंडक्टरला उठून विचारावं लागलं.

मग तो रोजचाच नेम झाला. रोज हिरा, रोज काठी, रोज 'येत्यात'. इथले जीपवाले ओळखून होते, तरी थांबायचे. त्यांनाही गंमत वाटायला लागली. पलीकडं गजराबाई साळुबाईच्या खाटेशी बसायची आणि तिला त्या दिवशी कोण किती वेळ झाडीकडं बघत राहिलं ते रंगवून सांगायची. साळुबाई पहिले काही दिवस भिंतीकडंच तोंड करून ऐकत होती. एके दिवशी एका गाडीवाल्यानं मागची मेंढरं दिसावीत म्हणून टपावर चढून पाहिल्याचं ऐकलं, आणि ती फिस्सकन हसली, आणि हसल्यावर वळली. सुनेनं लगेच भाकरी आणून पुढं ठेवली. तिनं खाल्ली. मग बसायला लागली, मग वॉकर धरून उभी राहायला लागली. गजराबाई काठीनं जमिनीवर खूण करायची, आज हितपतूर, उद्या तितपतूर. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम साळुबाई डॉक्टरांसाठी करत नव्हती, पण गजरीच्या खुणेसाठी करायची.

पावसाळा सरला. एके दिवशी साळुबाई म्हणाली, "रोज तूच येतीस. आता मी येनार तुज्याकडं. भैरवनाथाला बी जायाचंय, त्यो तुज्या बाजूला हाये."

सोनबा म्हणाला, मावशी, जीप आणतो. साळुबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं विषय सोडला. तसा हट्ट तिनं कुणाकडून घेतला हे सांगायला नको.

निघाली ती वरात पाहण्यासारखी होती. पुढं हिरा, मग वॉकर ठकठक टेकत साळुबाई, तिच्या बाजूला काठी घेऊन गजराबाई. सोनबा आधीच रस्त्याच्या मध्ये जाऊन हात पसरून उभा होता. जाताना त्यानं पहिल्यांदा उजवीकडं पाहिलं होतं. आईनं ते टिपलं. रविवार होता. दोन्ही बाजूंनी गाड्या थांबत गेल्या. हिराला सवयीची वाट, ती केव्हाच अलीकडं येऊन दारातलं गवत खायला लागली. या दोघी अजून मध्यावर होत्या. साळुबाईला चार पावलं टाकली की दम लागत होता. मागून कुणीतरी हॉर्न दिला. सोनबा वळला. क्षणभर त्याला वाटलं, संपलं, मेंढी गेली, आता कशाला थांबतील.

अगदी पुढच्या गाडीत एक तरुण होता. गाडी थांबली तेव्हा हिरा त्याच्या समोरून गेली होती, तिची घंटा त्यानं ऐकली होती. त्यानं काच खाली केली.

"आजी, मागं अजून किती?"

इतके दिवस गजराबाईच्या तोंडी एकच उत्तर बसलं होतं. आताही तेच यायला हवं होतं. सोनबानं स्पष्ट पाहिलं, तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं साळुबाईकडं पाहिलं. साळुबाई वॉकरवर वाकून श्वास घेत होती, कपाळावर घाम आला होता आणि ती हसत होती. गजराबाईनं आपला हात तिच्या हातावर ठेवला.

"कुनी न्हाई, बाबा," ती म्हणाली. "आमी दोघीच."

तरुणानं त्यांच्याकडं पाहिलं, मान हलवली आणि गाडीचं इंजिन बंद केलं.